संकष्टीची ओहोटी: मराठवाड्यातून खाडीवरचे शंख-शिंपले बघायला निघताना

आपल्याकडे गोगलगाय म्हटलं की कपाळाला आठी पडते. २०२२ च्या जुलैमध्ये लातूर, बीड, धाराशिवकडच्या शिवारांत सोयाबीनचे कोवळे कोंब रातोरात फस्त झाले. माणसं बॅटऱ्या घेऊन बांधावर उतरली. संध्याकाळी ओली पोती अंथरायची, पहाटे उलटायची, खाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या, असे दिवस होते ते. त्यामुळे परभणीत कुणाला सांगितलं की मी गोगलगायी बघायला रात्रभर रेल्वेनं खाडीवर जातो, तर ठरलेलं उत्तर येतं, "मास्तर, आमच्या बांधावर या की, फुकट दाखवतो."

तरीही दर हिवाळ्यात दोघं-चौघं विचारतातच, की कांदळवनात, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलातल्या झाडीत, नेमकं कसं जायचं आणि काय बघायचं. त्यांच्यासाठी हे लिहितोय. समुद्र न बघता वाढलेल्या माणसाच्या ज्या चुका होतात, त्या सगळ्या माझ्या करून झाल्या आहेत.

आधी एक सकाळ गंगेवर

गंगा म्हणजे आपली गोदावरी. एप्रिल-मे मध्ये गंगाखेडला किंवा तुमच्या गावाजवळ पात्र आटलं की काठच्या गाळात काळपट, लांबट, तळहाताएवढे शिंपले सापडतात. लॅमेलिडेन्स त्यांचं नाव. रिकामा शिंपला उघडून उन्हात धरा, आत मोत्याची झाक दिसेल. पाठीवर बिजागरी असते, तिच्याजवळच्या उंचवट्याचं साल झिजून पांढरं पडलेलं असतं आणि तिथून कडेकडे वाढीच्या रेषा पसरत जातात. बिजागरी, उंचवटा, रेषा, एवढ्या तीन गोष्टी डोळ्यांत बसल्या की खाडीतला कुठलाही शिंपला वाचता येतो. या नदीतल्या शिंपल्याची पिल्लं काही दिवस माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहतात, मग सुटून गाळात बसतात. खाडीतल्या बहुतेक शिंपल्यांना माशाची गरज नाही, त्यांची पिल्लं पाण्यातच तरंगतात.

मग गोगलगायी. तळ्याच्या काठावरून तीन-चार प्रकारच्या उचला आणि पांढऱ्या ताटलीत पाणी घालून ठेवा. एक गोलसर, हिरवट, अंगावर पट्टे असलेली असेल. तिला बोट लावलं की ती आत जाते आणि शिंगासारखं झाकण ओढून घेते. ती पाण्यातच कल्ल्यानं श्वास घेते. दुसरी पातळ कवचाची लिम्निया. तिला झाकण नाही, आणि थोड्या वेळानं ती श्वास घ्यायला वर येते. खाडीतही हाच पहिला प्रश्न विचारायचा असतो: झाकण आहे की नाही?

दुसरा प्रश्न वळणाचा. टोक वर आणि तोंड तुमच्याकडे धरा. तोंड उजव्या हाताला आलं तर शंख उजवा. इथं देव्हारा आड येतो. पूजेसाठी लोक महागात घेतात तो 'दक्षिणावर्ती' शंख शास्त्राच्या भाषेत नेमका डावा असतो. वहीत लिहिताना ठरवून एकच पद्धत वापरा, नाहीतर माझ्यासारखं अर्धं पान खोडावं लागेल.

लिम्निया हाताळल्यावर साबणानं हात धुवा, आणि पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. गुरांच्या यकृतात सापडणाऱ्या चपट्या कृमींची पिल्लं याच गोगलगायींच्या अंगात वाढतात. तळ्यातल्या काही गोगलगायींतून पाण्यात सुटणाऱ्या दुसऱ्या कृमींनी माणसाच्या कातडीला खाज सुटते.

कधी जायचं

माझी पहिली खेप निव्वळ वाया गेली. शनिवार-रविवार बघून निघालो, रात्रभर प्रवास केला आणि सकाळी अकराला खाडीवर पोचलो. समोर पाणीच पाणी आणि त्यातून वर आलेले झाडांचे शेंडे. आदल्या दिवशी पौर्णिमा झालेली, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास उधाणाची भरती. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, मला नव्हतं. दोन तास बांधावर बसून शेंगदाणे खाल्ले.

कोकण किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटेही तीनलाच. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास असतात, त्यामुळे ओहोटी मधोमध, सकाळी नऊच्या आगेमागे. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी भर दुपारी. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि जागेप्रमाणेही बदलतो. म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता मोबाइलवर बघाच. त्यात वेळेशेजारी मीटरमधला आकडा असतो. ओहोटीचा आकडा जितका लहान, तितका चिखल जास्त उघडा.

तिथी कुठली निवडायची, हा खरा प्रश्न. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती साडेचार मीटरच्या वर जाते. पण त्या दिवशी ओहोटी येते पहाटेच्या अंधारात, नाहीतर दिवेलागणीला. अष्टमीच्या सुमारास भांग असते, म्हणजे पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. मधले दिवस सोयीचे. द्वितीया ते चतुर्थी उधाणाचा जोर बऱ्यापैकी टिकून असतो आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊमध्ये येते. विनायकी आणि संकष्टी या दोन्ही चतुर्थ्याच, त्यामुळे तारीख कॅलेंडरवर शोधायलाही लागत नाही. अडचण एकच, संकष्टीला उपास असेल तर दुपारच्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, चुकतील.

ओहोटीच्या वेळेआधी दीड तास जागेवर असा. उतरत्या पाण्यामागून आत जायचं आणि पाणी वळलं की बाहेर यायचं. उलटं कधीही करू नका.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर बांधावरचं ऊन आपल्या नांदेडलाही लाजवतं, आणि पावसाळ्यात चिखल निसरडा होतो, खाडीचं पाणीही गोडं आणि गढूळ होतं.

कुठं जायचं

पहिल्या खेपेला ऐरोली सोपं. परभणी, जालना, संभाजीनगरहून देवगिरी एक्स्प्रेसनं ठाण्याला उतरायचं आणि तिथून लोकल. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी जैवविविधता केंद्र आहे. तिथून होडीनं ठाणे खाडीत नेतात, हिवाळ्यात फ्लेमिंगो दिसतात. झाडं ओळखायला शिकायची तर ही जागा उत्तम. शंख-शिंपल्यांसाठी मात्र खाली कोकणात जा. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला होडीतून कांदळवन दाखवतात. दापोली, रत्नागिरीकडच्या खाड्यांमध्येही अशी सोय मिळते. दक्षिणेकडे भरती-ओहोटीतला फरक मुंबईपेक्षा कमी असतो, तेवढं लक्षात ठेवा.

नांदेड, देगलूरकडच्यांना आणखी एक वाट आहे. आपल्या दारावरून जाणारी गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते, आणि तिथं काकीनाड्याजवळ कोरिंगाचं कांदळवन आहे. चिखलात न उतरता लाकडी पायवाटेवरून आत जाता येतं. तिथीच्या पाऊणपटीच्या हिशेबाचा मात्र तिथं उपयोग नाही, पूर्व किनाऱ्याचं वेळापत्रक वेगळं.

महाराष्ट्रात कांदळवन सुमारे ३२४ चौरस किलोमीटर आहे, हा आकडा वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालातला. त्यातला बराचसा भाग राखीव वन आहे, तेव्हा आत शिरण्याआधी वनविभागाला किंवा तिथल्या गटाला विचारून घ्या. झाड तोडणं, फांदी मोडणं हा गुन्हा आहे.

पायात काय, हातात काय

नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट. चप्पल चिखलात राहते आणि गमबूट चिखलानं भरून पायातच रुततात. अनवाणी मुळीच नको, कालवांच्या (बुंध्या-मुळांना चिकटलेल्या शिंपल्यांच्या) कडा ब्लेडसारख्या असतात. पूर्ण पॅंट, काठी, टोपी, पाणी. हातात भिंग, पेन्सिल (पेनाची शाई ओलाव्यानं पसरते) आणि चार मीटर सुतळी, जिला दर वितीवर गाठ मारलेली. सुतळी कशाला, ते पुढे येतंय.

चिखलात एकट्यानं जायचं नाही. झाडाच्या बुंध्याजवळून चाला, तिथं मुळांनी चिखल धरलेला असतो. उघड्या, गुळगुळीत, चकाकत्या चिखलापासून लांब. पाय रुतला की आपण तो सरळ वर ओढतो, काळ्या रानात पावसाळ्यात ओढतो तसा. इथं तसं केलं की दुसरा पाय आणखी खोल जातो. मी गुडघ्यापर्यंत अडकलो होतो, तेव्हा शेजारी तिसऱ्या काढणारी एक मावशी पाटी खाली ठेवून म्हणाली, "चिखलाशी भांडू नका, दादा. आधी टाच हलवा." टाच डावी-उजवी हलवली की बाजूनं पाणी आणि हवा शिरते, चिखल सुटतो. मग काठीवर वजन टाकून पाय तिरका काढायचा.

एकच झाड धरा

नवखा माणूस कांदळवनभर हिंडतो आणि परत येऊन म्हणतो, शंख दिसले बुवा बरेच. असं करू नका. काठाजवळचं एक झाड निवडा, तिवर किंवा चिप्पी. तिवर ओळखायला सोपं, त्याच्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी श्वासमुळं वर आलेली असतात. चिप्पीची मुळं जाडसर आणि निमुळती. पांढरी चिप्पी २०२० पासून आपल्या राज्याचा कांदळवृक्ष आहे. त्या एका झाडापाशी अर्धा तास उभं राहायचं आणि वरून खाली बघत यायचं. सुतळी बुंध्याला लोंबकळती बांधा, शेवटची गाठ चिखलाला टेकलेली. कुठला प्राणी कितव्या वितीवर, तेवढंच टिपायचं. या रानात कुठं राहायचं हे ज्याच्या त्याच्या सोसण्यावर ठरतं: कुणाला किती वेळ कोरडं राहता येतं आणि कुणाला किती वेळ पाणी लागतं. तीच प्रतवारी खोडावर उंचीनं मांडलेली दिसते.

सगळ्यात वर, पानांवर आणि फांद्यांवर, लिटोरेरिया. बोराच्या बीपासून बोराएवढी, टोकदार, पातळ कवचाची. तपकिरी, पिवळी, नारिंगी, एकाच झाडावर तीन रंग भेटतात. भरती चढू लागली की ही पाण्याच्या पुढे पुढे वर सरकते. ऊन वाढलं की चिकट द्रवानं कवचाची कड पानाला डकवून, झाकण लावून, ओहोटीभर गप्प बसते. ओढून काढू नका, पान हलकेच उलटून बघा. समुद्री गोगलगाय पाण्यापासून पळते, याचं मला अजून नवल वाटतं.

बुंध्याच्या मधल्या पट्ट्यात नेरिटा. जाड, गोल, काळपट, कोरलेल्या रेघांची, आणि तोंड अर्धचंद्रासारखं. तिचं झाकण चुन्याचं, टणक, नखानं टकटक करून बघा. गंगेवरच्या गोगलगायीचं शिंगासारखं लवचिक झाकण आठवलं तर फरक लगेच कळेल.

त्याखाली बुंध्यावर आणि मुळांवर कालवं. डावा शिंपला कायमचा चिकटवलेला, उजवा झाकणासारखा. पिढ्यांवर पिढ्या एकमेकींच्या पाठीवर बसतात, त्यामुळे आकाराचा काही नेम नाही. इथं हमखास फसगत होते. कालवांच्या शेजारी छोटे पांढरे ज्वालामुखीसारखे सुळके दिसतात, त्यांना लोक शिंपले समजतात. ते बार्नकल, म्हणजे खेकडा-कोळंबीचे नातेवाईक. मध्ये फटीत दाराच्या झडपा असतील तर बार्नकल. या दोघांवर जगणारा एक जाड, खडबडीत शिकारी शंखही आसपास असतो. कालवाच्या शिंपल्यावर सुईनं पाडल्यासारखं गोल भोक दिसलं की समजा, त्यानं आत तोंड घातलंय.

बुंध्याच्या पायथ्याशी, कुजक्या पानांखाली आणि ओंडक्यांच्या सावलीत जी सापडते तिच्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. कॅसिड्युला आणि तिच्या बहिणी. तपकिरी, गुळगुळीत, तोंड माणसाच्या कानासारखं आणि त्यात दात. हिला झाकण नाही. म्हणजे लिम्नियासारखीच फुफ्फुसानं श्वास घेणारी, आणि आपल्या सोयाबीनवाल्या गोगलगायीच्या भावकीतली. ही खाडीच्या काठी राहिली, ती बांधावर आली. ओंडका उलटला तर बघून झाल्यावर होता तसा ठेवा, खालचा ओलावा गेला की ती मरते. जवळच चिखलाच्या ढेकळासारखं काहीतरी सरकत असेल. ती ऑन्किडियम, बिनकवचाची. भिंगातून तिची पाठ बघा, फोडांमध्ये बारीक काळे ठिपके असतात. यांच्या काही जातींत ते चक्क डोळे असतात.

झाडाखालचा चिखल

चिखलावर हजारोंनी पसरलेले, बोटाच्या पेराएवढे उंच निमुळते शंख म्हणजे पिरेनेला. त्यांच्या मागे नांगरटीसारख्या रेघा उमटतात. त्यांच्यात एखादा बोटापेक्षा लांब, दहा सेंटीमीटरपर्यंतचा, काळा आणि शंकूसारखा दिसला तर टेलिस्कोपियम. ओहोटीत तो लांब सोंड बाहेर काढून चिखलाचा वरचा पापुद्रा चाटत फिरतो, थोडा वेळ स्थिर उभे राहिलात की दिसेल. शंख पळत असेल, थबकत असेल, तर आत शंखाचा धनी नाही, साधूखेकडा आहे. खरा मालक घसरत जातो, पावलं टाकत नाही.

शिंपले बघायचे तर नजर भोकांवर ठेवा. खेकड्याच्या बिळाशी मातीच्या गोळ्या असतात. शिंपल्याच्या वर जोडीनं दोन बारीक भोकं किंवा इंग्रजी आठासारखी फट दिसते, एकातून पाणी आत आणि दुसऱ्यातून बाहेर. जवळ पाऊल पडलं की पिचकारी उडते. जमिनीच्या बाजूला, दाट झाडीत, जेलॉयना नावाचा मोठा जाड शिंपला गाळात पुरलेला असतो. भांगेच्या दिवसांत तिथं पाणी पोचत नाही, तेव्हा तो शिंपल्याची कड किंचित उघडून हवेतून श्वास घेतो. उघड्या चिखलपट्टीवर रेघारेघांचा, फुगीर, रक्ती शिंपला मिळतो. त्याच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. आपल्या तळ्यात तबकडीसारखी चपटी गोगलगाय असते ना, तिचंही रक्त लाल, त्याच कारणानं.

वाळलेला ओंडका पडला असेल तर त्यातली गोल भोकं बघा, आतून चुन्याचं पांढरं अस्तर असलेली. आत जे राहतं ते अळीसारखं दिसतं, पण तोही शिंपलाच. दोन इवलेसे शिंपले तोंडाशी, त्यांनीच लाकूड खरवडतो. होड्यांचा हा जुना वैरी. ओंडका फोडू नका.

दुपारच्या तिसऱ्या

बाजारात नावांचा गोंधळ होतो. तिसऱ्या, शिवल्या, खुबे ही नावं गावागणिक वेगवेगळ्या शिंपल्यांना लागतात, विकणारीलाच विचारा. मिटलेल्या घ्या. उघडी असेल तर टिचकी मारा, मिटली तर जिवंत, नाही तर टाकून द्या. शिजल्यावर उलट, जी उघडत नाही ती खायची नाही. शहराजवळच्या खाडीतलं स्वतः वेचून काहीही खाऊ नका. शिंपला दिवसभर पाणी गाळतो आणि पाण्यातली घाण त्याच्यात साठते. एकशिपी तिसऱ्या आणि तांदळाची भाकरी एकदा खा, मग ज्वारीची आठवण यायला संध्याकाळ होते. घरी नेण्याचा मोह टाळा, बारा तासांच्या प्रवासात त्या टिकत नाहीत.

परत निघताना

बूट तिथंच गोड्या पाण्यानं धुवा आणि पिशवीत बांधा. फोटो घरी येऊन आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. एक तोंडाच्या बाजूनं, एक पाठीनं, शेजारी नाणं, आणि वितीचा आकडा टिपेत. नुसत्या पाठीच्या फोटोवरून लिटोरेरियाची जात कुणालाच सांगता येत नाही.

शंख आणू नका, रिकामे वाटले तरी. काही समुद्री शंख तर वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत. एका खेपेला आमच्यातल्या एकानं नातीसाठी म्हणून एक सुंदर टेलिस्कोपियम खिशात टाकला. खिशातून तो पिशवीत गेला आणि पिशवी बर्थखाली. मनमाडला डब्यात वास सुटला. जालन्यापर्यंत समोरच्या बाईंनी तीनदा पदर नाकाला लावला आणि चौथ्यांदा टीसीला बोलावलं. शंखात साधूखेकडा होता. परभणीला उतरून आम्ही त्याला प्लॅटफॉर्मच्या टोकाला मातीत पुरलं.